अर्धी पात

पोस्टिंगचा कागद आला तेव्हा आमची टीम राजस्थानात सरावावर होती. सकाळी साडेसातला फॉल-इन झाली. मेजर साहेबांनी बारा नावं वाचली. सहावं माझं, हवालदार गजानन, रेडिओ ऑपरेटर. सातवं नाईक उत्तम मनवर, स्काउट. स्काउट म्हणजे सगळ्यांच्या पुढं चालणारा. पहिली गोळी आली तर त्याच्या वाट्याला येते. ठिकाण आफ्रिका, डोक्यावर शांतिसेनेचं निळं हेल्मेट, मुदत एक वर्ष.

देशाचं नाव मी सांगत नाही, आमच्या गावाचंही सांगत नाही. देशाचं सांगितलं की लोक मोबाईलवर नकाशा काढून बसतात, अन गावाचं सांगितलं की गावातले फोन करून भांडतात. महागाव तालुका, उमरखेड रोडला लागून, एवढं पुरे. उत्तम मनवरबद्दल मात्र पूर्ण सांगणार आहे. कारण तो गेल्यावर आमच्या गावात एक वाक्य फिरलं, 'दुसऱ्याच्या भांडणात मेला.' मी पॅरा कमांडोत बावीस वर्षं काढली, गुडघ्याच्या वर गोळी खाल्ली, पण या वाक्याइतकं काहीच मला लागलेलं नाही.

उत्तम अन मी एकाच गावचे. आमचं वावर, कापूस अन तूर. त्यांचं वावर नाही. त्याची आई कौसाबाई, सारं गाव तिला कौसामाय म्हणतं, आमच्याच पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या उभ्या पिकात, निंदणाला अन वेचणीला यायची. बौद्धवाड्यातून सकाळी आठला बायांचा जथा निघायचा, त्यात ती सगळ्यात पुढं. उत्तम शाळा सुटली की तिच्या मागं. मी मालकाचा पोरगा, धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बाभळीखाली बसलेला. माझी आई बायांना पाणी द्यायची ते वरून, ओंजळीत. कोणी काही बोलत नव्हतं. मीही नव्हतो बोलत. नंतर पलटणीत उत्तम अन मी एका मगातून चहा प्यालो, एका मेसटिनमध्ये जेवलो, अन पहिल्या दिवशी तो मग तोंडाला लावताना माझ्याकडं पाहून हसला. म्हणाला, "गजाननभाऊ, घरी सांगू काय?" मी म्हटलं, "सांग. मीच सांगतो." सुट्टीत घरी सांगितलंही. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं कौसामायच्या हातात पेला दिला.

आता वेचणीची एक रीत सांगतो. ती कळली नाही तर पुढचं काहीच कळायचं नाही. वावरात प्रत्येक बाईला एक पात मिळते. पात म्हणजे पऱ्हाटीच्या दोन-तीन ओळींचा पट्टा, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत. वेचलेला कापूस ठेवायला कमरेला ओटी बांधायची अन आपली पात वेचत जायचं. एखादी झपाझप जाते, एखादी मागं पडते. म्हातारी असेल, पोटुशी असेल, अंगात ताप असेल. जिची पात आधी झाली ती सावलीत बसत नाही. ती मागं पडलेलीच्या पातीला समोरच्या टोकानं लागते, अन वेचत वेचत तिच्याकडं येते. दोघी मधात भेटल्या की पात झाली. अर्धी पात टाकून कोणी वावराबाहेर येत नाही. हे कोणी कोणाला शिकवत नाही, मुकादमही सांगत नाही. मी धुऱ्यावर बसून हे लहानपणापासून पाहिलं, पण स्वतः कधी पात धरली नव्हती.

आफ्रिकेत आमचा कॅम्प एका जुन्या कॉफीच्या गोदामात होता. पाचला उठणं, साडेपाचला पीटी, सातला शस्त्रसफाई, नंतर गस्त. धूळ लाल, आपल्यासारखी काळी नाही. उत्तमला ते पटायचं नाही. चिमूटभर माती घेऊन बोटांत चोळायचा अन म्हणायचा, "हे काय माती होय? पाऊस पडला का वाहून जाते. काळी माती कशी पायाले धरून ठेवते." मी म्हणायचो, "म्हणून तर आपण महागावातून निघालो नाही ना लवकर." तो हसायचा. बोलायला कमी, हसायला पुढं. उंची पाच फूट चार इंच. सिलेक्शनमध्ये सहा-सहा फुटाचे जवान परत गेले अन हा टिकला. एकदा एका साहेबांनी विचारलं, "मनवर, थकते नहीं हो?" तर म्हणाला, "साहब, मेरी माँ को देखे नहीं आप."

घरून पत्रं यायची. ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली, भाव पडला, अन दर पत्रात एखादं नाव असायचं, अमुक गेला, तमुकनं फवाऱ्याचं औषध घेतलं. उत्तम पत्र वाचून घडी करायचा, खिशात ठेवायचा अन जाऊन गोळ्यांची मॅगझिनं भरायला बसायचा. एकदाच बोलला. "भाऊ, तिथं माणूस एकटा पडला का मरते. पात मागं पडली अन समोरून कोणी आलं नाही, का खतम."

आठव्या महिन्यात हुकूम आला. कॅम्पपासून साठ किलोमीटरवर नदीकाठी एक मिशनचा दवाखाना होता. दोन नर्स, एक म्हातारा पाद्री, बावीस पेशंट. बंडखोरांची टोळी दोन गावं जाळून तिकडं निघाली होती. आमचं काम सोपं सांगितलं गेलं, पहाटे पोचा, माणसं काढा, हेलिकॉप्टरमध्ये बसवा. कागदावर सगळी कामं सोपी असतात. टीमचे दोन भाग केले. अल्फात सहा, त्यात मेजर साहेब अन उत्तम. ब्राव्होत सहा, त्यात आमचे नायब सुभेदार साहेब अन मी.

०५४० ला दवाखान्यात पोचलो. दवाखाना अन हेलिकॉप्टर उतरायची जागा यांच्यामध्ये दोनशे मीटरचं शेत होतं. कसावाचं. कसावा म्हणजे ज्याच्या कंदाचा साबुदाणा होतो ते झाड. पुरुषभर उंच, ओळीत लावलेलं. अंधुक उजेडात पाहिलं तर थेट तूर वाटली. उत्तमनं माझ्या खांद्यावर चापट मारली. "पाहाय भाऊ, तुहं वावर इथंही पोचलं."

०५५५ ला अल्फा चालणाऱ्या पेशंटांना घेऊन निघाली. ०६०५ ला शेत ओलांडून पोचली. हेलिकॉप्टर उतरलं. मग ब्राव्हो निघाली, आमच्याकडं चार स्ट्रेचर, पाद्री अन नर्सा. स्ट्रेचर दवाखान्यातल्या कामगारांनी अन आमच्या तिघांनी उचललेले. शेताच्या बरोबर मधात होतो तेव्हा डावीकडच्या झाडीतून मशीनगन सुरू झाली. ०६१२. वेळ पक्की आहे, कारण मी घड्याळ पाहून रेडिओवर सांगतच होतो अन सांगता सांगता खाली बसलो. मांडीत गोळी शिरली होती. आधी दुखलं नाही, फक्त पाय माझं ऐकेना. नायब सुभेदार साहेबांनी रक्त थांबवायला मांडीवर पट्टा आवळला अन म्हणाले, "सेट चालू रख."

"अल्फा फॉर ब्राव्हो. कॉन्टॅक्ट लेफ्ट. एक जखमी. चार स्ट्रेचर. हलता येत नाही. ओव्हर."

"ब्राव्हो, रुको. हेलिकॉप्टर पाँच मिनट और रुकेगा. ओव्हर."

पाच मिनिटं. चार स्ट्रेचर, समोर शंभर मीटर, अन डोकं वर काढलं की कसावाची पानं कापली जात होती. मी खरं सांगतो, मला भीती वाटली. ज्याला वाटली नाही असं म्हणतो तो एकतर खोटं बोलतो, नाहीतर तिथं नव्हता.

मग सेटवर उत्तमचा आवाज आला. शिस्तीत कॉल साइन नाही, काही नाही, गावाकडच्या आवाजात.

"गजाननभाऊ. किती राह्यलं?"

माझ्या तोंडून मीटर निघाले नाहीत. मी म्हणालो, "अर्धी पात राह्यली रे."

"घाबरू नोको. मी तिकून येऊन राह्यलो."

मेजर साहेबांचा आवाज. "मनवर, अपनी जगह रुको."

"साहब, मेरा काम हो गया इधर. उनका आधा बाकी है. हमारे यहाँ आधा छोड़ के नहीं निकलते."

साहेबांना पात काय कळणार. पण माणूस कळत होता.

"जाओ. बडी के साथ. चार मिनट."

हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण नंतर गावात असंही बोलले की तो हुकूम मोडून गेला. नाही. त्यानं विचारलं अन साहेबांनी सोडलं. हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले आहेत.

त्याचा बडी, म्हणजे जोडीदार, एक गढवाली जवान होता. तो एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, घेऊन समोरच्या टोकाला आडवा झाला अन झाडीवर गोळ्या झाडत राहिला. उत्तम दोन ओळींच्या मधून आमच्याकडं आला. मी त्याला येताना पाहिलं. वाकून, झपाझप, दोन्ही बाजूंना नजर, नेमकी त्याची आई यायची तसा. चाळीस मीटरवर गुडघा टेकून त्यानं रायफलीखालच्या लाँचरनं तीन ग्रेनेड झाडीत टाकले. मशीनगन बंद पडली. तो आमच्यापाशी आला, पहिल्या स्ट्रेचरचा पुढचा दांडा एका कामगारानं सोडला होता, तो धरला अन म्हणाला, "चला. उठा. चलो."

तीन स्ट्रेचर निघाले. मला सुभेदार साहेबांनी पट्ट्याला धरून ओढलं. शेताच्या कडेला गवतात पोचलो. उत्तमनं दांडा खाली ठेवला अन वळून मोजलं. मलाही दिसलं. चौथा स्ट्रेचर आला नव्हता. तो उचलणारे कामगार पळाले होते, अन एक नर्स त्या पेशंटजवळच बसून राहिली होती. तीस-पस्तीस पावलांवर.

मी म्हटलं, "उत्तम, बडीला पाठव."

"त्याचा हात मशीनवर आहे." एवढं बोलला अन गेला.

पेशंटला त्यानं खांद्यावर टाकलं, नर्सला पुढं केलं. शेवटच्या ओळीपाशी आले तेव्हा झाडीतली मशीनगन पुन्हा सुरू झाली. त्यानं नर्सला ढकललं, ती गवतात पडली. पेशंटला घेऊन तो स्वतः चार पावलं आणखी चालला. मग गुडघ्यावर आला अन पेशंटला हळूच खाली ठेवलं, टाकलं नाही. गोळी गळ्याखाली, बुलेटप्रूफ जॅकेटच्या वर लागली होती. ०६१७.

हेलिकॉप्टरमध्ये तो माझ्या शेजारी होता. त्याचा हात माझ्या हातात होता. पंख्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, पण त्याचे ओठ मला कळले. "झाली?"

मी म्हटलं, "झाली रे. सगळे आले."

तो पेशंट वाचला. नर्स वाचली. आम्ही सगळे वाचलो. एक माणूस सोडून.

त्याला सलामी देऊन गावात नेलं तेव्हा मी लष्करी दवाखान्यात पडलेलो होतो. दीड महिन्यानं सिक लीव्हवर निघालो. त्याची काळी पेटी मी मागून घेतली होती, पांढऱ्या रंगात नाव लिहिलेली. यवतमाळहून महागावच्या एसटीत बसलो, काखेत कुबडी, पायाशी पेटी. शेजारच्या माणसानं नाव वाचलं, माझा चेहरा पाहिला.

"गेला काय हा?"

"हाव."

"काय घेतलं? फवाऱ्याचंच औषध?"

त्याची चूक नव्हती. आमच्या जिल्ह्यात त्या वर्षी कोणी तरुण गेला म्हटलं की दुसरा प्रश्नच नव्हता. पण माझं डोकं फिरलं. मी सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणालो, "काही घेतलं नाही. लढून मेला. पेशंटला उचलून आणता आणता मेला. यवतमाळचा माणूस असाही मरते, लक्षात ठेवा!" ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. आर्णी आली. मग त्याच माणसानं पिशवीतून संत्रं काढून माझ्या हातावर ठेवलं.

कौसामाय घरी नव्हती. मुलगा जाऊन दोन महिने होत आले होते अन ती आमच्याच वावरात वेचणीला गेली होती. मी कुबडी टेकत धुऱ्यावर गेलो. तिनं मला पाहिलं, पण पात सोडली नाही. टोकापर्यंत वेचत आली, ओटी सोडली अन म्हणाली, "सांग."

मी सगळं सांगितलं. वेळा सांगितल्या. रेडिओवरचं सांगितलं. 'मी तिकून येऊन राह्यलो' इथं आलो तेव्हा तिनं मला हातानं थांबवलं.

"हे मीच शिकवलं रे त्याले," ती म्हणाली. "हे माह्या तोंडातलं हाय. मीच शिकवलं माय." अन मग रडली. इतक्या मोठ्यानं की दोन वावरं पलीकडच्या बाया धावत आल्या. मीही रडलो. कमांडो रडत नाहीत असं काही नसते.

सव्वीस जानेवारीला ग्रामसभा भरली. माझा एकच विषय होता. गावाच्या प्रवेशद्वारावर उत्तमचं नाव लावायचं. सरपंच उठले. माणूस वाईट नव्हता, पण बोलायची सवय वाईट.

"गजाननभाऊ, आमाले आदर हाय. पण सीमेवर असता तर गोष्ट वेगळी होती. हे दुसऱ्याच्या मुलखात, दुसऱ्याच्या भांडणात. उद्या कोणी काही बी म्हणंल. अन इथं कापसापायी माणसं औषध घेऊन मरून राह्यली, त्याईची नावं कोठं लावायची?"

दोन-चार माना हलल्या. मी उठणार तेवढ्यात मागून कौसामाय उठली. तिला ग्रामसभेत बोलताना कोणी पाहिलं नव्हतं.

"सरपंच, म्या चाळीस वर्सं काम केलं. एक दिवस तरी आपल्या वावरात केलं काय? आमाले वावरच नाही. सारी जिनगानी दुसऱ्याच्या वावरात. म्हणून काय म्या पात अर्धी सोडली? बोला नं! तुमच्या बी वावरात केलं. सोडली काय?"

सरपंचांनी खाली पाहिलं.

"माह्या लेकानं बी नाही सोडली. दुसऱ्याचं वावर होतं म्हणून काय झालं. अन ज्याईनं औषध घेतलं त्याईचं म्हणता, तर त्याईच्या पातीले समोरून कोण गेलं? तुमी गेलते काय?"

बसल्या जागेवरून माझे बाबा उठले. सत्तर वर्षांचा माणूस, सभेत कधी तोंड न उघडणारा. टोपी सारखी केली अन म्हणाले, "दरवाजा गावाचा हाय, राहू द्या. रोडचा धुरा माहा हाय. दगड तिथं लागंल. कोणाले काढायचा असंल त्यानं मले येऊन सांगावं." अन काठी टेकत घरी निघून गेले.

दगड लागला. एसटी थांबते तिथंच, काळा, छातीइतका. वणीहून एक पाथरवट येऊन अक्षरं कोरून गेला. वर नाव, हुद्दा, पलटण. खाली एकच ओळ: 'पात पुरी केली.' पुढं कोणी म्हणालं, अतिक्रमण आहे, अर्ज करतो. कर म्हटलं. मी दर सव्वीस जानेवारीला, दर पंधरा ऑगस्टला तिथं गणवेश घालून सॅल्यूट करतो. पहिल्या वर्षी कौसामाय अन मी दोघंच होतो. गेल्या वर्षी सरपंचच हार घेऊन आले. मी बाजूला सरकून जागा दिली.

रिटायर होऊन घरी आलो त्या सालची वेचणी. मी ओटी बांधली. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मालकाचा पोरगा, पॅराचा हवालदार, अन कमरेला ओटी. मी म्हटलं, हसा. कडेची पात धरली. बोंडाच्या टोकांनी बोटं सोलली, मांडीतला जुना घाव बोलायला लागला. दुपारपर्यंत साऱ्या बाया टोकाला पोचल्या अन मी अजून मधातही नव्हतो. घाम डोळ्यांत जात होता. कंबर सरळ करायला उभा राहिलो अन समोर पाहिलं.

माझ्या पातीच्या दुसऱ्या टोकाला कौसामाय लागली होती. वाकून, झपाझप, दोन्ही हातांनी वेचत, माझ्याकडं येत होती.

"माय, राहू दे," मी ओरडलो. "तू दमली असशील."

तिनं वर पाहिलंही नाही.

"घाबरू नोको, लेका," ती म्हणाली. "मी तिकून येऊन राह्यली."